व्हर्जिनिया २०१८-१९: सर्वांत मोठ्या नामुष्कीनंतरचा हंगाम

१६ मार्च २०१८ च्या रात्रीपर्यंत अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक आकडा कुणीच हलवू शकलं नव्हतं: १३५-०. राष्ट्रीय स्पर्धा १९८५ मध्ये ६४ संघांची झाली: चार गट, प्रत्येक गटात पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत मानांकन. तेव्हापासून पहिल्या फेरीत अव्वल मानांकन मिळालेले संघ सोळाव्या मानांकनाच्या संघांशी १३५ वेळा खेळले आणि १३५ वेळा जिंकले. त्या रात्री शार्लटमध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ यूएमबीसीकडून ७४-५४ असा हरला. यूएमबीसी म्हणजे मेरीलँड विद्यापीठाची बाल्टिमोर काउंटीतली संस्था. त्या रात्रीआधी बास्केटबॉल बघणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ती ठाऊक होती. आणि व्हर्जिनिया तेव्हा नुसता अव्वल मानांकित नव्हता. स्पर्धेतल्या (तोवर ६८ झालेल्या) सगळ्या संघांत त्याला पहिलं स्थान दिलेलं होतं.

त्यानंतरच्या हंगामात हाच संघ, तोच प्रशिक्षक आणि बरेचसे तेच खेळाडू घेऊन राष्ट्रीय विजेता झाला. ही गोष्ट अमेरिकेत ‘पुनरागमनाची कहाणी’ म्हणून शेकडो वेळा सांगितली गेली आहे आणि ती ऐकताना गळा दाटतो, माझाही. पण ती तशीच सांगितली तर तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग हातून निसटतो. एवढ्या मोठ्या पराभवानंतर प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी नेमकं काय बदललं, काय बदललं नाही, आणि जे बदललं नाही ते का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. हे प्रकरण मी त्याच बाजूने मांडतो आहे.

हरण्याआधीचा संघ

बेनेट २००९ मध्ये व्हर्जिनियात आले. त्यांचे वडील डिक बेनेट स्वतः नावाजलेले प्रशिक्षक. त्यांनी विस्कॉन्सिनला २००० साली उपांत्य फेरीत नेलं होतं. टोनी त्यांच्याच हाताखाली ग्रीन बेमध्ये खेळले, पुढे एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, शार्लट हॉर्नेट्सकडून खेळले आणि वडिलांची बचावपद्धत बरोबर घेऊन प्रशिक्षक झाले.

त्या पद्धतीचं नाव पॅक लाइन. रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक काल्पनिक रेषा आखायची. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला एकच बचावपटू बाहेर जाऊन भिडतो. बाकीचे चौघे रेषेच्या आत दाटीने उभे राहतात. आत घुसणाऱ्याला वाट मिळत नाही आणि त्याला चेंडू बाहेर द्यावा लागतो. मग ज्याच्याकडे चेंडू गेला त्याच्या अंगावर त्याचा बचावपटू धावून जातो, बाकीचे पुन्हा आत सरकतात. हे तीस सेकंद, प्रत्येक वेळी, न कंटाळता करायचं. समोरच्या संघाला शॉट क्लॉक (फेक करण्यासाठी मिळणारा वेळ) संपत आल्यावर लांबून, हात वर केलेल्या बचावपटूच्या डोक्यावरून फेक करावी लागते. या पद्धतीची एक किंमत आहे: समोरच्याचे लांबचे नेम बसू लागले तर ती अडचणीत येते.

आक्रमणातही व्हर्जिनिया घाई करत नसे. चांगली संधी मिळेपर्यंत चेंडू फिरवत राहायचं. त्यामुळे त्यांचे सामने देशातल्या सर्वांत संथ सामन्यांत गणले जात. टीकाकारांना हा खेळ बघवत नसे. बेनेट मात्र जिंकत होते: २०१४ ला कॉन्फरन्सची (ठरावीक विद्यापीठांच्या गटाची) स्पर्धा, २०१८ ला पुन्हा. २०१७-१८ चा हंगाम सुरू होताना त्यांचा संघ देशातल्या पहिल्या पंचविसांतही धरला नव्हता. तो ३१ विजय आणि २ पराभव घेऊन राष्ट्रीय स्पर्धेत आला. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ज्या कॉन्फरन्समध्ये खेळतात तिथे १७-१.

तरीही मार्च, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेचा महिना, आला की या संघाच्या चाहत्यांच्या पोटात गोळा यायचा. २०१६ मध्ये सिरॅक्यूजविरुद्ध मध्यंतराला १४ गुणांनी पुढे असताना ते हरले आणि उपांत्य फेरी हुकली. २०१७ मध्ये फ्लोरिडाने त्यांना ६५-३९ असं लोळवलं. हिवाळाभर जिंकायचं आणि बाद फेरीत कोसळायचं, असा शिक्का त्यांच्यावर बसत चालला होता. शार्लटच्या रात्रीने तो पक्का केला.

शार्लटमध्ये काय झालं

त्या सामन्याचा गुणफलक नीट पाहायला हवा. मध्यंतराला २१-२१. म्हणजे व्हर्जिनियाला हवा तसाच संथ, कमी गुणांचा खेळ चालला होता. दुसऱ्या सत्रात यूएमबीसीने ५३ गुण केले. हंगामभर व्हर्जिनियाविरुद्ध कुठलाही संघ अख्ख्या सामन्यात सरासरी तेवढेच, ५३-५४ गुण करत असे. यूएमबीसीचा गार्ड (चेंडू पुढे नेणारा खेळाडू) जेरस लाइल्स एकटा २८ गुण करून गेला. संघाने २४ पैकी १२ थ्री-पॉइंटर (लांबून केलेल्या तीन गुणांच्या फेकी) बसवले; व्हर्जिनियाने २२ पैकी ४.

हाच यूएमबीसी जानेवारीत ऑल्बनीकडून ८३-३९ असा, ४४ गुणांनी हरलेला होता. त्यांचे प्रशिक्षक रायन ओडम यांचं लहानपण काही वर्षं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावातच, शार्लट्सव्हिलमध्ये गेलं होतं. वडील डेव्ह ओडम १९८० च्या दशकात तिथे सहायक प्रशिक्षक होते. पॅक लाइनची दुखरी जागा कुठे आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. पाचही खेळाडू पसरवून उभे करायचे, वेगवान गार्डने आत घुसायचं आणि चार जण आत दाटले की चेंडू बाहेर द्यायचा.

पराभवाची तीन कारणं तेव्हा सांगितली गेली आणि तिन्हींत तथ्य आहे.

पहिलं कारण डीआंद्रे हंटर. हा सहा फूट सात इंचांचा फॉरवर्ड स्पर्धेच्या तोंडावर मनगट मोडून बाहेर गेला होता. चाल फसली तरी स्वतःच्या बळावर गुण काढू शकणारा तो संघातला जवळजवळ एकमेव खेळाडू. तो असता तर निकाल बदलला असता का, हे सांगता येणार नाही; पण २० गुणांचा फरक एका खेळाडूने भरून निघाला असता असं म्हणणं मला पटत नाही.

दुसरं कारण संथपणा, आणि यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. तर्क असा: सामन्यात दोन्ही बाजूंना चेंडू जितक्या कमी वेळा मिळेल, तितका नशिबाचा वाटा वाढतो. कसोटीत ऑस्ट्रेलियाला हरवणं दुबळ्या संघाला जवळजवळ अशक्य असतं, टी-ट्वेंटीत ते अधूनमधून घडतं; कारण तेच. व्हर्जिनियाच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ६० वेळा चेंडू मिळे, इतरांच्या सामन्यांत ७० च्या आसपास. म्हणजे बेनेट आपणहून बलाढ्य संघाचा फायदा कमी करत होते.

तर्क बरोबर आहे, पण त्याचा आकार कुणी मोजून पाहिला का? मी कागदावर ढोबळ हिशेब केला. समजा साठ पाळ्यांच्या सामन्यात बलाढ्य संघ सरासरी २० गुणांनी जिंकेल अशी अपेक्षा आहे (त्या रात्री सट्टाबाजारानेही जवळपास तेवढाच फरक धरला होता) आणि एका सामन्यातला चढ-उतार ११ गुणांचा आहे. मग तो संघ हरण्याची शक्यता साडेतीन टक्क्यांच्या आसपास येते. पाळ्या सत्तर केल्या तर अपेक्षित फरक २३ होतो, चढ-उतार १२ च्या जवळ जातो आणि हरण्याची शक्यता अडीच टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे शंभर सामन्यांत एका सामन्याचा फरक. तो शून्य नाही, पण त्यासाठी नऊ वर्षं घडवलेली अख्खी पद्धत मोडायची का? शिवाय या सामन्यात व्हर्जिनिया शेवटच्या क्षणी एखाद्या नशिबाच्या फेकीने हरलेला नाही. दुसऱ्या सत्रात त्यांना सरळसरळ चोप मिळाला.

तिसरं कारण त्या गोंगाटात मागे पडलं आणि माझ्या मते तेच खरं होतं. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला यूएमबीसीने झटपट आघाडी घेतली आणि त्यानंतर व्हर्जिनियाला पाठलाग करता आला नाही. पुढे असताना सामना आवळून धरायचा, हे त्या संघाला उत्तम जमे. मागे पडल्यावर पटापट गुण कसे काढायचे, याची त्यांच्याकडे ठरलेली तजवीजच नव्हती. सिरॅक्यूज आणि फ्लोरिडाच्या सामन्यांतही वाऱ्याची दिशा बदलल्यावर हेच झालं होतं. मागे पडलेला संथ संघ घाई करू लागतो, घाईची सवय नसते, नेम चुकतात, आणि प्रत्येक चुकलेल्या नेमानंतर समोरच्याला मोकळं मैदान मिळतं. शार्लटमधले २२ पैकी ४ थ्री-पॉइंटर ही त्या घाईचीच नोंद आहे.

नंतरचे महिने

सामना संपल्यावर बेनेट पत्रकारांसमोर बसले आणि त्यांनी कुठलीही सबब सांगितली नाही. हंटरचं नाव पुढे केलं नाही. समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस खेळला, मैदानात उतरलात तर असं घडू शकतं, अशा आशयाचं ते बोलले. त्यांच्या शेजारी दोन गार्ड बसले होते, काइल गाय आणि टाय जेरोम. दोघंही दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी, विशीतली मुलं.

इथे जरा थांबायला हवं, कारण कॉलेज खेळाडूंवर काय येतं याची कल्पना बाहेरून येत नाही. ही मुलं तेव्हा पगार घेत नव्हती. शिष्यवृत्तीवर शिकत होती. आणि त्या रात्रीनंतर संघाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. गायने पुढे एक खुलं पत्र लिहून समाजमाध्यमावर टाकलं. आपल्याला चिंताविकाराचा त्रास आहे, त्यासाठी औषधं घेतो, हे त्याने त्यात उघडपणे सांगितलं. आणि मग त्याने एक गोष्ट केली जी मला आजही थक्क करते. यूएमबीसीचे खेळाडू जल्लोष करताहेत आणि आपण गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभे आहोत, हा त्या रात्रीचा फोटो त्याने स्वतःच्या ट्विटर खात्यावर लावला आणि पुढचा हंगामभर तसाच ठेवला.

बेनेट यांचीही दिशा तीच होती. डोनाल्ड डेव्हिस नावाच्या कथाकथनकाराचं एक म्हणणं त्यांनी संघासमोर ठेवलं आणि हंगामभर ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले: संकटाचा नीट वापर करायला शिकलात तर ते तुम्हाला अशा ठिकाणी नेतं, जिथे दुसऱ्या कुठल्या वाटेने पोचता आलं नसतं. असली वाक्यं भिंतीवर लावायला सोपी असतात. इथे त्याला वजन आलं ते त्याबरोबर झालेल्या कामामुळे. नव्या हंगामात गावोगावच्या मैदानांवर प्रेक्षक ‘यूएमबीसी’चा घोष करत, संघात त्या शब्दावर बंदी नव्हती, उलट त्यावर मोकळेपणी बोललं जाई. मला वाटतं, मानसिक बाजूचा जो काही उपयोग झाला तो इथे झाला. जी गोष्ट रोज उघड बोलली जाते तिचं शेवटच्या मिनिटाला भूत होत नाही.

पण नुसतं मन घट्ट करून जिंकता येत नाही. मैदानावर तीन गोष्टी घडल्या.

एक, हंटर, गाय आणि जेरोम तिघेही परत आले. हंटरला एनबीएत जाता आलं असतं, तो थांबला. तिघेही लांबून चांगला नेम असलेले: तीन गुणांच्या रेषेबाहेरून चाळीस टक्के किंवा त्याच्या आसपास.

दोन, संघात दोन नवे हात आले. किहेई क्लार्क हा कॅलिफोर्नियाचा पहिल्या वर्षाचा गार्ड, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच. त्याच्यामुळे चेंडू पुढे नेण्याचं ओझं जेरोमवरून हललं. अलाबामाहून बदली घेऊन आलेल्या ब्रॅक्स्टन कीला बदलीच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे बसून वर्ष घालवावं लागणार होतं, पण त्याला लगेच खेळण्याची परवानगी मिळाली. गिनीचा मामादी दियाकिते आणि न्यूझीलंडचा जॅक सॉल्ट आधीपासून होतेच.

तीन, आणि हा खरा बदल: बेनेट यांनी आक्रमणात नवी चाल आणली. जुन्या पद्धतीत दोन मोठे खेळाडू आडोसे देत राहायचे आणि नेमबाज त्यांच्याभोवती धावत सुटायचे. सुंदर, पण सावकाश. आता त्याच्या जोडीला सलग बॉल स्क्रीनची पद्धत आली. चेंडू असलेल्या गार्डला उंच खेळाडू आडोसा देतो, गार्ड त्याच्या कडेने आत घुसतो. जमलं नाही तर चेंडू दुसऱ्या बाजूला आणि तिथे लगेच तोच प्रकार. यात निर्णय गार्डच्या हातात जातो. जेरोमसारख्या डोक्याने खेळणाऱ्या मुलाला ते मोकळं रान होतं. वेग वाढला नाही. व्हर्जिनिया २०१८-१९ मध्येही देशातल्या सर्वांत संथ संघांत होता. पण शॉट क्लॉकची दहा सेकंदं उरलेली असताना काय करायचं, याचं उत्तर आता त्यांच्याकडे होतं.

आणि पॅक लाइन? तिला हातसुद्धा लावला नाही. तिची दुखरी जागाही तशीच राहिली. फेब्रुवारीत ड्यूकने शार्लट्सव्हिलमध्ये येऊन १३ थ्री-पॉइंटर बसवले आणि ८१-७१ असं हरवलं. झायन विल्यमसन आणि आरजे बॅरेट यांच्या त्या ड्यूककडून व्हर्जिनिया जानेवारीतही दोन गुणांनी हरला होता. नियमित हंगामातले त्यांचे पराभव एवढेच. तिसरा पराभव कॉन्फरन्सच्या उपांत्य सामन्यात, फ्लोरिडा स्टेटकडून. राष्ट्रीय स्पर्धेत पुन्हा अव्वल मानांकन आणि म्हणून पुन्हा समोर सोळावा संघ.

सहा सामने

२२ मार्च २०१९, कोलंबिया, साउथ कॅरोलायना. समोर गार्डनर-वेब. पहिल्या सत्रात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे पडला. त्या क्षणी देशभर काय चाललं असेल याची कल्पना करता येते. मध्यंतराला फरक सहावर आला होता, ३०-३६. दुसरं सत्र त्यांनी ४१-२० असं घेतलं. हंटरने २३ गुण केले आणि सामना ७१-५६ असा संपला. पुढचे दोन, ओक्लाहोमा आणि ओरेगन, जुन्या पद्धतीचे: ६३-५१ आणि ५३-४९.

मग लुइव्हिलमधला पर्ड्यूविरुद्धचा सामना. पर्ड्यूच्या कार्सन एडवर्ड्सने त्या रात्री ४२ गुण केले, दहा थ्री-पॉइंटरसह. काही नेम तर इतक्या लांबून की तिथे बचावपटू उभा असण्याचं कारणच नाही. पॅक लाइनला याहून वाईट रात्र येणं कठीण. तरीही व्हर्जिनिया मागे पडून कोसळला नाही. गायने २५ आणि जेरोमने २४ गुण करून सामना हाताच्या अंतरावर ठेवला. ५.९ सेकंद उरलेली, पर्ड्यू ७०-६७ ने पुढे. तीन गुणांची फेक होऊ नये म्हणून पर्ड्यूने जेरोमला मुद्दाम फाउल केलं, जे पुस्तकी हिशेबाने योग्यच होतं. जेरोमचा पहिला फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी एका गुणाची मोकळी फेक) आत, दुसरा रिंगवर आदळून बाहेर. दियाकितेने उडी मारून चेंडूला मागे टप्पल मारली, तो थेट स्वतःच्या अर्ध्यात गेला. क्लार्क त्यामागे धावला, चेंडू पकडला. त्याच्या एका बाजूला गाय आणि जेरोम चेंडू मागत होते. तिकडे न बघता त्याने समोर, चाळीसेक फुटांवर उभ्या दियाकितेकडे सरळ पास मारला. दियाकितेने चेंडू हातात येताच सोडला, बझर वाजला, चेंडू आत. ७०-७०. जादा वेळेत ८०-७५.

पहिल्या वर्षाच्या मुलाने, उशिरा म्हणजे शेवटच्या दोन सेकंदांत, संघातल्या दोन सर्वोत्तम नेमबाजांना सोडून मोकळा माणूस शोधला. याला नशीब म्हणता येईल. उडालेला चेंडू त्याच्या दिशेला गेला हे नशीबच. पण तो निर्णय नशिबाचा नव्हता. गार्डने डोकं वर ठेवून वाचायचं आणि स्वतः ठरवायचं, हेच तर त्या वर्षी नव्याने शिकवलं जात होतं.

मिनियापोलिसमधली ऑबर्नविरुद्धची उपांत्य लढत मला अजूनही सहज बघवत नाही. पाचेक मिनिटं उरलेली असताना व्हर्जिनिया दहाने पुढे होता. ऑबर्नने सलग १४ गुण केले. ६१-५७. गायने कोपऱ्यातून थ्री-पॉइंटर मारून फरक एकवर आणला, ऑबर्नचा एक फ्री थ्रो आत गेला, ६२-६०. शेवटच्या चालीत जेरोमच्या हातून चेंडू निसटला आणि त्याने तो पुन्हा दोन्ही हातांनी उचलून ड्रिबल केला. हा दुहेरी ड्रिबल होता, म्हणजे नियमभंग. पंचांनी दिला नाही. तो दिला असता तर चेंडू ऑबर्नकडे जाऊन सामना बहुधा तिथेच संपला असता. ऑबर्नच्या मुलांवर अन्याय झाला, आणि व्हर्जिनियाच्या चाहत्यानेही हे मान्य करायला हवं. पुढे दीड सेकंद असताना गायने कोपऱ्यातून फेक केली, ती चुकली, पण ऑबर्नच्या सामिर डाउटीचं अंग त्याला लागलं होतं. ०.६ सेकंद, तीन फ्री थ्रो. हा फाउल मात्र योग्य होता. फेकणाऱ्याला खाली उतरायला जागा द्यावी लागते. गायने जर्सी तोंडावर ओढली. पहिला आत, दुसरा आत. ऑबर्नने टाइम-आउट घेतला, त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. तिसराही आत. ६३-६२. आपण प्रचंड घाबरलो होतो, हे त्याने नंतर सरळ सांगितलं.

८ एप्रिलचा अंतिम सामना टेक्सास टेकशी. दोन्ही संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात बास्केटबॉलचं कोर्ट उभारलेलं, ७२ हजारांहून जास्त प्रेक्षक. इथेही तीच रचना: दुसऱ्या सत्रात मोठी आघाडी, ती गेली, २२ सेकंद उरलेली असताना तीन गुणांनी मागे. जेरोम आत घुसला, बचाव त्याच्याकडे ओढला गेला आणि त्याने उजव्या कोपऱ्यात हंटरला चेंडू दिला. थ्री-पॉइंटर, ६८-६८. शेवटच्या सेकंदाला टेक्सास टेकच्या जॅरेट कल्व्हरची फेक ब्रॅक्स्टन कीने अडवली. जादा वेळेत पुन्हा तीनने मागे, मग फरक कमी झाला आणि पुन्हा हंटरच्याच तीन गुणांनी आघाडी. जादा वेळेत व्हर्जिनियाने बाराच्या बारा फ्री थ्रो बसवले. ८५-७७. हंटरचे २७ गुण, त्यातले २२ मध्यंतरानंतरचे, आणि ज्या कल्व्हरला तो बचावात धरून होता त्याचे २२ पैकी फक्त ५ नेम लागले. गायला स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडण्यात आलं. हंगामाचा हिशेब: ३५ विजय, ३ पराभव.

मग हे श्रेय कशाचं?

पर्ड्यू, ऑबर्न, टेक्सास टेक: तीन सामने, तिन्हींत शेवटच्या मिनिटात व्हर्जिनिया मागे. यातला एक जरी निसटला असता तरी बेनेट यांच्यावर तोच शिक्का बसला असता, संथ खेळ मार्चमध्ये चालत नाही म्हणून. त्यामुळे ‘ते विजेते झाले, म्हणून त्यांचा निर्णय बरोबर’ असा उलटा तर्क मी करणार नाही. गायचा तिसरा फ्री थ्रो चुकला असता तरी माझ्या मते बेनेट यांनी २०१८ च्या उन्हाळ्यात घेतलेला निर्णय योग्यच ठरला असता. त्यांनी पराभवाचं निदान बरोबर केलं होतं. बचाव हे दुखणं नव्हतं, वेगही नव्हता; पाठलाग करता न येणं हे दुखणं होतं. गार्डनर-वेबपासून अंतिम सामन्यापर्यंत चार वेळा त्याचीच परीक्षा झाली आणि चारही वेळा संघाला मागून येता आलं. शेवटचा इंचभर नशिबाने दिला, पण त्या इंचापर्यंत पोचणं २०१८ च्या संघाला जमत नव्हतं.

त्याची मर्यादाही पुढच्या वर्षांनी दाखवली. हंटर, गाय आणि जेरोम त्याच उन्हाळ्यात एनबीएत गेले. २०२० ची स्पर्धा साथीमुळे झालीच नाही, २०२१ मध्ये ओहायोने पहिल्या फेरीत घरी पाठवलं. २०२३ मध्ये फर्मनविरुद्ध आघाडी असताना अखेरच्या सेकंदांत दोघांच्या कोंडीत सापडलेल्या खेळाडूने चेंडू लांब भिरकावला, तो फर्मनच्या हाती गेला आणि थ्री-पॉइंटर बसून सामना ६८-६७ ने गेला. तो खेळाडू किहेई क्लार्क. एकाच मुलाच्या हातून दोन पास. त्यातल्या एकावरून त्याला मोजणं मला कधीच जमणार नाही. पद्धत तीच होती, पण ती पेलणारे तीन नेमबाज नव्हते. बदली आणि मोबदल्याचे नियम बदलल्यावर असे खेळाडू तीन-तीन वर्षं एकत्र राखणंही अवघड झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना, बेनेट निवृत्त झाले. या नव्या व्यवस्थेत आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी स्वतः सांगितलं. २०२५ मध्ये त्यांच्या जागी व्हर्जिनियाने कायमचा प्रशिक्षक नेमला, तो रायन ओडम.

या प्रकरणाला एक जोडप्रकरणही आहे. मार्च २०२३ मध्ये अव्वल मानांकित पर्ड्यू फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ असा हरला. सोळाव्या मानांकनाकडून हरलेला हा दुसराच संघ. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनीही पाया मोडला नाही. सात फूट चार इंचांचा झॅक ईडी आणि दोन्ही तरुण गार्ड राहिले, आणि सदर्न इलिनॉयहून लान्स जोन्स हा अनुभवी, वेगवान गार्ड आणला, म्हणजे दडपण आल्यावर चेंडू सांभाळायला आणखी एक माणूस. वर्षभराने पर्ड्यू अंतिम सामन्यात होता. तिथे कनेटिकटने त्यांना ७५-६० असं हरवलं. तो संघ त्या वर्षी खरोखरच सगळ्यांपेक्षा वरचढ होता, आणि पर्ड्यूच्या वाट्याला शेवटच्या सेकंदाचा प्रश्नच आला नाही.